दादाचं गणित : ‘झोंबी’ राजकीय अंगानं वाचायची म्हणजे काय?

माझ्या मामांनी आयुष्यात एकच कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ती आनंद यादव यांची ‘झोंबी’. करवीर तालुक्यात त्यांचं गुऱ्हाळ होतं. आता ते बंद आहे, काहिल भंगारात गेली आणि पत्र्याच्या शेडात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. तेव्हा मी मराठीत एम. ए. करत होतो आणि घरातल्या प्रत्येकाला काहीतरी वाचायला लावायची मला खाज होती. महिनाभरानं विचारलं, “मामा, कशी वाटली?” मला वाटलं, कादंबरीतल्या पोराचं कौतुक करतील, त्याच्या बापाला चार शिव्या घालतील. सगळेच घालतात. मामांनी तंबाखू मळली, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “बाप वाईट हाय. पर गणितात चुकल्याला न्हाई.”

हे वाक्य तेव्हा मला कळलं नव्हतं. पुढं वर्गात मुलांना ‘कादंबरीचा राजकीय अन्वयार्थ’ शिकवायची वेळ आली, तेव्हा जाड पुस्तकांतून जे सांगता येईना ते मामांच्या या एका वाक्यातून सांगता येऊ लागलं. म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करतो.

आधी ‘राजकीय’ या शब्दाचा गोंधळ मिटवू. आमच्याकडं राजकारण म्हटलं की गोकुळ दूध संघाची निवडणूक, साखर कारखान्याचं पॅनेल, कुठला गट कुणाकडं गेला, एवढंच डोळ्यासमोर येतं. ‘झोंबी’त तसलं काही शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पण राजकीय वाचन म्हणजे पुस्तकात पुढारी शोधणं नव्हे. तिथं प्रश्न अगदी साधे असतात. जमीन कुणाची? राबतं कोण? निर्णय कुणाच्या तोंडून निघतो? कुणी हाक मारली की कोण धावत जातं? आणि हे सगळं आपल्याला सांगतंय कोण, कुठं बसून? घरात भाकरी कुणी आधी खायची, हाही सत्तेचाच प्रश्न असतो. ‘व्यक्तिगत तेच राजकीय’ ही घोषणा १९७० च्या सुमारास स्त्रीमुक्ती चळवळीनं रूढ केली, पण तिच्यातली गोष्ट कुठल्याही एकत्र कुटुंबातल्या सुनेला घोषणेआधीपासून ठाऊक होती.

आता पुस्तकाकडं. आनंद यादव १९३५ साली कागलला जन्मले. कोल्हापूरहून निपाणीच्या रस्त्यानं निघालं की तासाच्या आत कागल येतं. ‘झोंबी’ १९८७ ला आली, पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना घेऊन, आणि १९९० ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढं ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ अशी मालिका झाली. गोष्ट थोडक्यात अशी : फाळ्यानं, म्हणजे ठरलेल्या खंडानं, घेतलेल्या मळ्यात राबणारं कुटुंब, पोराला शाळेतून काढून रानात जुंपणारा बाप (पुस्तकात तो ‘दादा’), आणि काही करून शिकायचंच म्हणून त्या बापाशी, रानाशी, गरिबीशी झटणारा आनंदा. झोंबी म्हणजे झटापट. नाव नेमकं आहे.

ही कादंबरी आपण आत्मचरित्र म्हणून का वाचतो? कारण तिनंच तशी वाट मोकळी ठेवली आहे. फिलिप लेजन नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९७५ मध्ये एक सोपी कल्पना मांडली : आत्मचरित्र म्हणजे लेखकानं वाचकाशी केलेला एक करार. मुखपृष्ठावरचं नाव, ‘मी’ म्हणून बोलणाऱ्याचं नाव आणि गोष्टीतल्या नायकाचं नाव ही तिन्ही एकच आहेत, अशी हमी लेखक देतो. कादंबरीत ती हमी नसते. ‘झोंबी’त गंमत अशी की करार अर्धाच झालाय. गाव खरं, पोराचं नाव आनंदा हे खरं, पण पुस्तकाला बिरुद लागलं ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’. लेखकाच्या घरचं आडनाव जकाते, मुखपृष्ठावर यादव. खरेदीखतावर सही आहे आणि शेजारी ‘यात काही फेरफार असू शकतो’ असंही लिहून ठेवलंय, असा प्रकार.

वाचक काय करतो? तो ‘कादंबरी’ हा शब्द विसरतो आणि ‘आत्मचरित्रात्मक’ तेवढा धरून ठेवतो. आणि मग त्याचा पंच होतो. बाप आणि लेक यांच्यामध्ये उभा राहून तो निवाडा देतो : बाप आळशी, बाप दुष्ट, पोरगं जिद्दी, आई सोशीक. निवाडा चुकीचा आहे असं नाही. बाप गावभर हिंडतो आणि पोराला नांगरामागं लावतो, हे पुस्तकात लिहिलेलंच आहे. पण या वाचनाचा शेवट ठरलेला असतो. ‘इच्छा असली की मार्ग सापडतो.’ या कादंबरीचा एक तुकडा ‘जूझ’ नावानं केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात आहे. तिथल्या प्रश्नोत्तरांची गाईडं चाळा, पानोपानी जिद्द, संघर्ष, प्रेरणा. जणू कागलच्या त्या मळ्यात कमी होती ती एका प्रेरणादायी व्याख्यानाचीच!

आता मामांच्या गणिताकडं येऊ.

‘झोंबी’त एक बारीक गोष्ट आहे, वाचताना पटकन निसटते. दादा आपलं गुऱ्हाळ गावात सगळ्यांच्या आधी सुरू करतो. त्याचं म्हणणं असं की सगळ्यांची गुऱ्हाळं एकदम लागली की बाजारात गूळ मायंदाळ येतो आणि भाव पडतो. आपला गूळ आधी गेला तर चार पैसे जास्त मिळतील. बाकीचे जाणते शेतकरी मात्र ऊस रानात आणखी उभा ठेवतात, कारण उशिरा तोडलेल्या उसाला गूळ जास्त पडतो. निवेदक आनंदाच्या डोळ्यांनी पाहिलं तर दादाची ही घाई संशयास्पद वाटते. गुऱ्हाळ उरकलं की गाव हिंडायला मोकळा, असं.

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्यालाच या जागेची खरी चव कळेल. मी लहानपणी मामांच्या गुऱ्हाळावर दिवाळीची सुट्टी काढलेली आहे. घाण्यातून रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं धडाडत असतात. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालायचं, मग मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या मात्र कुणाशी बोलत नाही. तो पाकाचा थेंब पाण्याच्या भांड्यात टाकून बोटांत गोळी वळून बघतो. गोळी नीट वळली की काहिल उतरायची. हंगामाच्या सुरुवातीचा कच्चा ऊस असला की ही गोळी वळता वळत नाही. उसात अजून साखर भरलेली नसते, पाणी फार. जळण जास्त जातं, वेळ जास्त जातो आणि ढेप मऊ पडते, चिघळते. गुळव्या चिडतो, शिव्या देतो. म्हणजे लवकर गुऱ्हाळ लावणारा माणूस डोळ्यांदेखत नुकसान सोसत असतो. तरीही तो लावतो. का?

हा ‘का’ सोडवायला बसलं की राजकीय वाचन सुरू होतं. ज्याचं रान स्वतःचं, घरात वर्षाचं धान्य, सावकाराचा दाब नाही, तो उसाला महिनाभर उभा ठेवू शकतो. वाट बघणं ही गोष्ट फुकट मिळत नाही, तिला भांडवल लागतं. ज्याचा मळा फाळ्याचा, त्याचं तसं नसतं. वाट्यानं शेत केलं तर पीक बुडालं की मालकाचाही वाटा बुडतो. फाळ्याचं मात्र तसं नाही. ठरलेलं ते द्यायचं, पाऊस पडो न पडो. वर अडत्याकडून, म्हणजे गूळ विकून देणाऱ्या दलालाकडून, उचल घेतलेली असली तर तिचं व्याज चालूच. अशा माणसाला ‘जास्त गूळ’ नको असतो, त्याला ‘आत्ता पैसा’ हवा असतो. कमी उतारा आणि चढा भाव, की चांगला उतारा आणि पडलेला भाव, हा त्याच्यापुढचा पर्याय. दोन्हीकडं तोटाच, त्यातला आधी हातात येणारा तोटा दादा निवडतो.

मामांनी तेच सांगितलं होतं. दादा आळशी असेल, बाहेरख्याली असेल, पण लवकर गुऱ्हाळ लावणं हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. ती त्याच्या जागेची सक्ती आहे. त्या जागी दुसरा भला माणूस बसवला तरी तो ऑक्टोबरातच घाणा लावेल. एकाच कृतीचे हे दोन अर्थ, स्वभावाचा आणि जागेचा, शेजारीशेजारी ठेवायचे. मी वर्गात एवढंच सांगतो : पात्र वाईट वागलं की आधी विचारा, त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर वेगळं वागलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर तो स्वभाव. ‘नाही’ आलं तर तिथं राजकारण आहे.

हाच प्रश्न पोराच्या शाळेला लावून बघा. दादा आनंदाला शाळेतून काढतो, तिथं उत्तर इतकं सरळ येत नाही. फाळ्याच्या शेतात मजूर लावणं परवडत नाही, घरातले हात हेच फुकटचे हात. म्हणून पोरगं रानात, ही सक्ती. पण दादा स्वतः दिवसभर गावात असतो आणि त्याच्या वाटणीचं काम पोरगं करतं, ही सक्ती नव्हे. मालकानं दादाला पिळायचं आणि दादानं घरात मालक व्हायचं. राजकीय वाचन बापाला माफ करतं अशी एक तक्रार नेहमी येते. ते माफ करत नाही, फक्त साखळी कुठपर्यंत जाते ते दाखवतं, आणि दादा त्या साखळीची मधली कडी आहे, शेवटची नाही. शेवटच्या कडीकडं मी नंतर येणार आहे.

कादंबरीतला मला सर्वांत थोर वाटणारा प्रसंग दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावरचा आहे. आनंदाला शाळेत जायचंय. बापाला विचारायची सोय नाही. आईचं बाप ऐकत नाही. मग मायलेकरं रात्री वाड्यावर जातात. देसाई म्हणजे गावातलं वजन. आई सगळं सांगते, नवरा दिवसभर कुठं असतो तेही. आणि एक विनंती करते : आम्ही आलो होतो हे त्यांना कळू देऊ नका. देसाई दादाला बोलावणं धाडतात. आणि घरात वाघ असलेला दादा बोलावणं आलं म्हणताच निघतो, त्याला त्यात मान वाटतो. थोड्या वेळानं आनंदा बापाला जेवायला बोलवायच्या निमित्तानं तिथं पोचतो, हेही आधी ठरवलेलं. देसाई सहज विचारल्यासारखं करतात, मग खडसावतात. दादा पोरावर आळ घेतो, सिनेमा बघतो, जुगार खेळतो म्हणतो. पण शेवटी मान तुकवतो.

आत्मचरित्र म्हणून वाचलं तर हा सुटकेचा प्रसंग आहे. देवमाणूस भेटला, गाडी रुळावर आली. राजकीय अंगानं वाचलं की अंगावर काटा येतो. एका पोरानं पाचवीत बसावं, यासाठी काय काय लागलं? अंधार लागला, एक थाप लागली, एका बाईला आपल्या घरची लाज वेशीवर टांगावी लागली आणि एका वाड्याची मर्जी लागली. देसाई भला होता हे खरंच. पण तो भला नसता तर? शिक्षण हक्क म्हणून आलं नाही, मेहेरबानी म्हणून आलं. आणि ज्या वजनानं दादा पोराला रानात डांबू शकतो, त्याच प्रकारच्या, त्याहून जड वजनानं देसाई त्याला सोडवतो. सत्ता तिथंच राहते, पोरगं तेवढं एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

घरी आल्यावर दादा अटी घालतो. सकाळी अकरापर्यंत रानात काम, दप्तर घेऊनच मळ्यात यायचं, तिथून परस्पर शाळा. शाळा सुटली की तासभर गुरं राखायची. काम जास्त असलं त्या दिवशी शाळा बंद. आनंदा सगळ्या अटी आनंदानं कबूल करतो. करारनाम्याची भाषा बघा. हा फाळाच आहे! शाळेचा फाळा. पोरगं तो बापाला कामाच्या रूपात भरतं, पीक येवो न येवो.

इथं कोल्हापूरकर म्हणून मला एक टोचणी लागते. हे सगळं कुठं घडतंय? कोल्हापूर संस्थानात. शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ ला काढला, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९०२ मध्ये निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारे हेच महाराज, आणि ते मूळचे कागलच्या घाटग्यांचे, म्हणजे आनंदाच्या गावच्याच घराण्यातले. हुकूम निघाल्यावर तीसेक वर्षांनी त्याच कागलात एक पोरगं शाळेसाठी वाड्यावर जाऊन हात जोडतंय. यात महाराजांचा उणेपणा काढायचा नाहीये. हुकूम प्राथमिक शिक्षणाचा होता, आनंदा अडलाय तो पाचवीच्या उंबऱ्याशी. कायद्यानं शाळेचं दार उघडलं, पण रानातल्या कामातून पोराचा हात सोडवायला जमिनीचाच प्रश्न सुटायला हवा होता.

तो सुटत होता, पण सावकाश. मुंबईचा कुळकायदा १९४८ चा, कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला, आणि कसणाऱ्या कुळाला कायद्यानं मालक मानण्याचा दिवस उजाडला १ एप्रिल १९५७ ला. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य आपण शाळेत घोकतो, पण मधल्या वर्षांत काय झालं ते ऐकायचं असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ‘स्वतः कसतो’ म्हणून कितीतरी मालकांनी जमिनी परत घेतल्या, कितीतरी कुळांकडून राजीनामे लिहून घेतले. आनंदाचं बाळपण या शेवटच्या तारखेच्या आधीचं. कायद्याचं नाव न घेताही कादंबरी त्या काळातल्या कुळाच्या छातीतली धडधड ऐकवते, आणि ती सरकारी गॅझेटमध्ये सापडायची नाही.

भाषेचा मुद्दाही याच धाग्यातला. ‘झोंबी’त माणसं कागलच्या बोलीत बोलतात आणि गोष्ट सांगणारा ‘मी’ मात्र प्रमाण मराठीत सांगतो. सोय म्हणून आपण हे सोडून देतो. पण विचार करा, ज्या शाळेसाठी एवढी झोंबी, त्या शाळेनं त्याला काय दिलं? सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता गाऊन शिकवायचे, मग आनंदा रानात पाणी पाजताना त्या कविता मोठ्यानं म्हणायचा. कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळी लिहायचा. हे चित्र इतकं देखणं आहे की डोळे भरून येतात. याच वाटेनं पुढं त्याला ती भाषा मिळाली, जिच्यात बसून त्यानं दादाची बोली अवतरणचिन्हांत ठेवली. आई-बाप अवतरणात आणि लेक बाहेर. शिकल्याची ही किंमत आहे. मी स्वतः मामांशी बोलताना ‘हाय, न्हाई’ करतो आणि हा लेख मात्र असा लिहितो, तेव्हा मी काही वेगळा नाही.

यादवांची १९७१ ची ‘गोतावळा’ याच्या शेजारी ठेवून बघा. तीही ‘मी’ म्हणून सांगितलेली, तीही याच मातीतली, आणि निवेदनच बोलीत. पण सांगणारा नारबा हा शेतावरचा गडी. ट्रॅक्टर येतो आणि त्याच्या जिवाभावाच्या जनावरांचा गोतावळा उधळला जातो. ‘गोतावळा’ला आत्मचरित्र म्हणणारा वाचक मला आजवर भेटलेला नाही. दोन्हीकडं ‘मी’च आहे, मग एकाच ‘मी’वर आपला विश्वास का? कारण मनातून आपण धरून चाललेलो असतो की गडी पुस्तक लिहीत नसतो. जो रानातून बाहेर पडला त्याचंच आत्मचरित्र होऊ शकतं, जो तिथंच राहिला त्याची कादंबरी होते, तीही दुसऱ्यानं लिहिलेली. ‘झोंबी’ला आत्मचरित्र म्हणताना आपणही नकळत एक राजकीय निवाडा देत असतो, तो असा.

उलट बाजूनं दलित आत्मकथनं बघा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं. तिथं ‘हे घडलंय, हे खोटं नाही’ हाच लिहिण्याचा कणा होता. ज्यांच्या सांगण्यावर समाजानं कधी विश्वास ठेवला नाही, त्यांना ‘कादंबरी’ ही पळवाट परवडणारी नव्हती. यादवांना ती परवडली. याचा अर्थ त्यांचं दुःख खोटं असा नाही. गावगाड्यात कूळ शेतकऱ्याची जागा खालची होती, तळाची नव्हती, एवढाच.

आणि आता ती शेवटची कडी. एकदा मामांच्या घरी जेवताना मी मोठ्या उत्साहानं गुऱ्हाळाचं, फाळ्याचं, वाड्याचं हे सगळं प्रवचन झोडत होतो. मामी भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटत त्यांनी विचारलं, “आन् त्याच्या भणी? त्यास्नी कुणी इचारलं का, शाळंत जाता का म्हनून?” मामा मान खाली घालून जेवत राहिले. मीही.

पुस्तकात आनंदाच्या शाळेसाठी वाड्यावर खलबत होतं. त्याच घरातल्या पोरींसाठी कुणी रात्री कंदील घेऊन बाहेर पडत नाही. आई लढते ती लेकासाठी, आणि आपल्या नावावर काही न राहील अशा बेतानं. आनंदा अकरा वाजता शाळेला गेला की उरलेलं काम कुणाच्या वाट्याला जातं? घरातल्या बायकांच्याच. शाळेच्या फाळ्यातला मोठा हिस्सा त्या भरतात, पावती मात्र आनंदाच्या नावाची. लेखकानं हे लपवलेलं नाही. आईचे कष्ट त्यानं इतक्या जवळून लिहिलेत की कधी कधी पुस्तक मिटून ठेवावं लागतं. पण ‘मी’ची गोष्ट असल्यामुळं आपलं सगळं लक्ष आनंदाच्या दप्तरावर. पुस्तकात जे आहे पण ज्याला गोष्ट मिळालेली नाही, त्याच्यावर बोट ठेवणं, हे राजकीय वाचनाचं मला सर्वांत आवडणारं काम. मामींनी ते भाकरी उलटता उलटता केलं.

या वाचनाचे धोकेही आहेतच. १९८६ मध्ये फ्रेडरिक जेमसन या अमेरिकन समीक्षकानं म्हटलं की तिसऱ्या जगातल्या कादंबऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतात तेव्हाही खरं तर देशाचं रूपकच सांगत असतात. पुढच्याच वर्षी एजाज अहमद यांनी त्याचा चांगला समाचार घेतला : सगळ्या देशांच्या सगळ्या पुस्तकांना एकच टोपी कशी घालता? योगायोग असा की ‘झोंबी’ही त्याच वर्षीची. मी अहमदांच्या बाजूचा. दादा म्हणजे सरंजामशाही, आई म्हणजे भारतमाता, म्हैस म्हणजे सर्वहारा, असली भाषांतरं करायला लागलं की कादंबरी मरते आणि परीक्षेचं उत्तर जन्माला येतं. मुलांच्या पेपरात मी असली उत्तरं वाचलीत, मार्कही दिलेत, काय करणार.

दादा आधी दादाच असला पाहिजे. मारणारा, झोपणारा, वाड्यावरून बोलावणं आलं की लगबगीनं निघणारा. त्याला रूपक केलं की आनंदाच्या पाठीवरचे वळ पुसले जातात, आणि ते वळ खरे आहेत. आत्मचरित्राचं वाचन आपल्याला ते वळ दाखवतं, म्हणून ते टाकायचं नाही. दोन्ही चष्मे खिशात असू द्यावेत.

‘कादंबरी’ हे लेबल लावून लेखक सुटतो, असाही एक समज आहे. खुद्द यादवांनाच त्याचा वेगळा अनुभव आला. तुकोबांवरच्या त्यांच्या कादंबरीवरून वारकरी संप्रदायातून निषेध झाला आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं. स्वतःच्या बापावर लिहिलेल्या कादंबरीला लोकांनी सत्य मानलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. संतावर लिहिलेल्या कादंबरीला सत्य मानलं तेव्हा गदारोळ झाला. कागलच्या कुळाची बेअब्रू झाली म्हणून मोर्चा काढणारा कुणी नव्हता.

मामांना दिलेली ‘झोंबी’ची प्रत ते गेल्यावर माझ्याकडं परत आली. पानांना गुळाचा वास वगैरे काही नव्हता, साधा माळ्यावरच्या पुस्तकाला येतो तसा कुबट वास होता. मध्ये एक कागद घडी करून ठेवलेला. शाहूपुरीतल्या अडत्याची जुनी हिशेबपट्टी, शाई उडालेली. वर रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या आणि भाव. खाली ओळीनं वजावट : अडत, हमाली, तोलाई, उचलीपोटी. सगळ्यात खाली उरलेली रक्कम, तिच्याभोवती मामांनी पेन्सिलीनं गोल केलेला. ती पट्टी दादा पहिलं गुऱ्हाळ लावतो त्या पानात होती.